यादवी थांबल्यावर बाहेरची मदत येते, ती नेमकी कुठे अडते?

दूधगंगाकाठ (प्रश्न)

निपाणीच्या वाचन मंडळात पुढच्या महिन्याचा विषय ठरलाय: देशातलं आपापसातलं युद्ध थांबल्यावर येणारी परदेशी मदत. पेपरात 'अमुक कोटी डॉलर जाहीर' एवढंच छापून येतं. ते पैसे माणसाच्या हातात पडेपर्यंत काय काय होतं, ते हवंय.

१. बंदुका जमा करून घेताना पैसे देतात म्हणे. मग तो बंदुकीचा भावच झाला की?

२. घर बांधून द्यायचं की पैसे द्यायचे? आपल्याकडे २०१९ च्या महापुरानंतर पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख ठरले आणि पाया, भिंती, छत असे फोटो बघून टप्प्याटप्प्यानं सोडले. तिकडेही असंच असतं का?

३. लढणाऱ्याला पॅकेज आणि ज्याचं घर जळालं तो कोरडाच, असं होत नाही का?

४. बेळगाव भागात माजी सैनिक भरपूर, बचत गट वर्षानुवर्षं चालवणाऱ्या बायकाही भरपूर. या कामात त्यांना वाव आहे की हा सगळा दिल्ली-न्यूयॉर्कचा कारभार?

नेपाळ-श्रीलंकेची उदाहरणं असली तर मंडळींना लवकर कळेल.

---

बेडकिहाळकर

पहिल्या प्रश्नातली तुमची शंका रास्त आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात यादवी थांबल्यावर नेमकं तेच झालं. ७ डिसेंबर २००३ ला मोनरोव्हियाजवळच्या शिफेलिन छावणीत शस्त्रं गोळा करायला सुरुवात झाली. आले ते तयारीच्या कितीतरी पट. आल्या दिवशीच रोख मिळणार अशी समजूत पसरलेली. पैसे मिळाले नाहीत म्हणून शहरात गोळीबार झाला, माणसं मेली आणि मोहीम गुंडाळावी लागली. पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २००४ उजाडला.

अंदाज होता सुमारे ३८,००० लढवय्यांचा. नोंद झाली लाखाच्या वर, आणि बंदुका जमल्या २८,००० च्या आसपास. कारण नियमातच होतं: एक चालू बंदूक आणा किंवा १५० काडतुसं आणा, नाव यादीत. भत्ता ३०० डॉलर, १५०-१५० चे दोन हप्ते. बंदूक एकाच्याच हातात असते, पण काडतुसं वाटून देता येतात. टोळीच्या म्होरक्यानं आपल्याकडची काडतुसं ओळखीच्या पोरांना वाटायची, पोरांची नावं लागली की हप्त्यातला वाटा परत घ्यायचा. उसाच्या टोळीचा मुकादम आणि उचल माहीत असणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको.

दुसरी गोची सीमेची. शेजारच्या आयव्हरी कोस्टनं आपल्याकडच्या मोहिमेत याच्या तिप्पट रक्कम जाहीर केली, तशी काही लायबेरियन पोरं बंदुकीसह तिकडं सरकू लागली. पलीकडे भाव चढा असला की ऊस कुठल्या कारखान्याला जातो ते चिकोडी-रायबागात दर हंगामाला दिसतंच.

म्हणून आता जाणकार सांगतात की पैसे बंदुकीला जोडू नका, माणसाला जोडा. आणि एकरकमी देऊ नका. मोझांबिकमध्ये १९९२ च्या करारानंतर ९० हजारांहून जास्त सैनिक घरी पाठवले. आधी सरकारनं सहा महिन्यांचा पगार दिला, नंतर देणगीदार देशांच्या निधीतून आणखी १८ महिने. म्हणजे दोन वर्षं. पैसे छावणीत वाटले नाहीत. सैनिकानं 'मी अमुक जिल्ह्यात राहायला जाणार' असं सांगायचं, त्या जिल्ह्यातल्या बँक शाखेवरचं चेकबुक त्याला मिळायचं. पैसे हवे तर त्या जिल्ह्यात जाऊन राहणं आलं. टोळी फुटते ती अशी. कोलंबियात २०१६ च्या करारानंतर २४ महिने किमान वेतनाच्या ९० टक्के भत्ता आणि धंद्यासाठी वेगळे ८० लाख पेसो ठेवले. आकडा मोठा वाटतो, पण पेसो आहे, रुपयाशी गल्लत करू नका.

नेपाळमध्ये सरकार आणि माओवादी बंडखोर यांच्यात २१ नोव्हेंबर २००६ ला करार झाला. छावण्यांत ३२,००० च्या वर नोंदी आणि शस्त्रं ३,४७५. दुसऱ्या फेरीत एकेकाची मुलाखत घेऊन पडताळणी केली तेव्हा १९,६०२ पात्र ठरले. ४,००८ जण नोंदीतून बाद झाले, त्यांतले २,९७३ युद्धविरामाच्या वेळी १८ वर्षांखालचे होते. ही मुलं होती, त्यांना आधी आणि सन्मानानं घरी पाठवायला हवं होतं. ती २०१० पर्यंत छावणीत अडकली आणि बाहेर पडली 'अयोग्य' हा शिक्का घेऊन. नेपाळी शब्दही 'अयोग्य'च, त्यामुळे तो गावात कसा लागला असेल ते आपल्याला भाषांतर न करता कळतं. त्यांच्यासाठी प्रशिक्षण, शाळा, छोटा धंदा, आरोग्यसेवक असे चार पर्याय ठेवले होते. शिक्का नको म्हणून कित्येकांनी त्यांकडे पाठ फिरवली.

---

निवृत्त सॅपर

वरच्यात कुलपाची गोष्ट राहिली. नेपाळात माओवाद्यांनी शस्त्रं संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात दिलीच नाहीत. प्रत्येक शस्त्राची नोंद झाली, ती कंटेनरमध्ये गेली, कुलूप लागलं आणि चावी माओवाद्यांकडेच राहिली. बाहेर सायरन आणि कॅमेरा. उघडलं तर सगळ्यांना कळणार, एवढीच व्यवस्था. तेवढ्याच संख्येनं नेपाळी सेनेनंही आपली शस्त्रं कुलुपात ठेवली. 'शरण आलो' असं कुणालाच म्हणावं लागलं नाही, म्हणून ती टिकली. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पुरेसे पोचेपर्यंत मधल्या काळात पहारा कुणाचा? भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या १११ नेपाळी जवानांचा. चौथ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे.

दुसरं अर्धं, सुरुंग. घर, शेत, रस्ता या सगळ्यांच्या आधी हे. श्रीलंकेत युद्ध मे २००९ मध्ये संपलं. उत्तरेत सुरुंग काढायला भारत सरकारनं पथकांचा खर्च उचलला, आणि ती पथकं भारतीय माजी सैनिकांच्या संस्थांची होती.

कामाचा क्रम असा. आधी गावात विचारपूस: जनावर कुठं मेलं, कुठल्या बांधापलीकडे कुणी जात नाही, कुठली तुकडी कुठं होती. मग संशयित पट्ट्यात शिरून तांत्रिक पाहणी. मग सफाई: मीटरभर रुंदीची गल्ली आखायची, गवत कापायचं, डिटेक्टर फिरवायचा, आवाज आला की बाजूनं तिरकं उकरत जायचं, वरून कधीच दाबायचं नाही. मग दुसऱ्या माणसाकडून तपासणी आणि शेवटी लेखी हस्तांतर. तो कागद मिळाल्याशिवाय पाया खणायचा नाही.

कुठं चुकतं? लष्करानं पेरलेले सुरुंग ओळीत असतात, नकाशा असतो. लिट्टेचे, म्हणजे तमिळ बंडखोरांचे, कुठंही, नकाशाविना, काही तर लाकडी खोक्यातले घरगुती, ज्यात धातू नावाला. डिटेक्टरची संवेदना वाढवली तर रणभूमीतला प्रत्येक छर्रा वाजतो आणि दिवसभरात माणूस मोजके चौरस मीटर पुढं सरकतो. उलटी चूक म्हणजे भीतीपोटी नकाशावर भलामोठा लाल चौकोन काढणं. मग सुरुंग नसलेली भातशेती वर्षानुवर्षं पडीक राहते आणि लोक कंटाळून परवानगीविना आत जातात. पाहणीवर जास्त खर्च करून चौकोन लहान करणं हेच स्वस्त पडतं.

इकडच्या माजी सैनिकांसाठी एक खुलासा. बेळगावचं केंद्र मराठा लाइट इन्फंट्रीचं, म्हणजे पायदळ. सुरुंगाचं मूळ शिक्षण सॅपर्सकडं, म्हणजे लष्करी अभियंत्यांकडं: खडकीच्या बॉम्बे सॅपर्सकडं किंवा बेंगळुरूच्या मद्रास सॅपर्सकडं. पायदळातून आलेल्यानं आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणं स्फोटक-निकामीकरणाच्या पहिल्या पातळीपासून प्रमाणपत्र करावं लागतं. पहारा, निरीक्षण, वाहनताफा, छावणी-व्यवस्था ही कामं मात्र पायदळवाल्याला थेट जमतात.

---

खानापुरी कौल

घरांबद्दल. श्रीलंकेत भारतानं ५०,००० घरांचा प्रकल्प घेतला, २०१० मध्ये जाहीर. त्यातली ४६,००० उत्तर-पूर्वेला, ४,००० चहामळ्यांच्या भागात. पहिली १,००० कंत्राटदाराकडून बांधून घेतली. पुढं पद्धत बदलली: मालकानं स्वतः बांधायचं, नव्या घराला ५.५ लाख श्रीलंकी रुपये, दुरुस्तीला २.५ लाख. पैसे थेट खात्यात, टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्पा तांत्रिक माणसानं बघितल्यावर. घर ५५० चौरस फुटांच्या आसपास. म्हणजे तुमच्या महापुराच्या टप्प्यांसारखंच, फक्त तिथं फोटोबरोबर माणूसही गावात बसलेला होता. संयुक्त राष्ट्रांची वसाहत संस्था, रेड क्रॉस वगैरेंनी गाव वाटून घेतले होते. या 'गावात बसलेल्या' माणसाला मी सगळ्यात जास्त गुण देईन. तो वीट हातात घेऊन बघतो, वाळूत माती किती ते सांगतो, आणि दरवाजाची चौकट बसवायच्या आधी येतो, नंतर नाही.

अडतं ते असं.

एक, जमीन. वीस-पंचवीस वर्षं विस्थापित राहिलेल्या कुटुंबाकडं कागद नाही, किंवा कागद आजोबांच्या नावचा, किंवा त्या जागी आता दुसराच राहतोय. कागदाशिवाय घर नाही हा नियम कडक ठेवला तर सगळ्यात गरीब आधी गळतो. बोस्नियात तर हा प्रश्न घरबांधणीहून मोठा होता. दोन लाखांहून जास्त मालमत्ता-दावे आले. युद्धानंतरची पहिली तीन-चार वर्षं विटा-सिमेंटवर पैसा ओतला, पण दुसऱ्याच्या घरात घुसलेल्याला बाहेर काढायचा कायदा १९९९ मध्ये घट्ट केल्यावरच दावे भराभर निकाली निघाले.

दोन, सगळी घरं एकदम. एकाच तालुक्यात एकाच हंगामात हजारो पाये खणले की वाळू, लाकूड, गवंडी यांचे भाव चढतात आणि रक्कम मात्र जाहीर झाली तेव्हाचीच. पावसाळ्याआधी छत पडलं नाही तर भिंती भिजतात.

तीन, मोठं घर. लेकीच्या लग्नाचा विचार करून माणूस पाया वाढवतो, दागिने गहाण टाकतो. उत्तर श्रीलंकेत घर पूर्ण आणि कुटुंब कर्जात, अशी पुष्कळ उदाहरणं झाली. उपाय साधा आहे, पण कडू: पाया आखताना तांत्रिक माणसानं दोरी धरून उभं राहायचं आणि जादा खोली नंतर जोडता येईल अशी भिंत सोडून ठेवायची.

चार, भाषा. फॉर्म आणि नोटीस कुठल्या भाषेत लावायची, सिंहली की तमिळ, हा तिथं तपशिलाचा विषय नव्हता, युद्धाच्या मुळाशीच तो होता. आपल्या भागात यावर अधिक लिहायची गरज नाही.

---

तिलारी_उतार

'मालकानं स्वतः बांधायचं' याचं एवढं कौतुक नको. ज्या घरात कर्ता पुरुष मेलाय किंवा बेपत्ता आहे, तिथली बाई गवंड्याशी भाव करणार, सिमेंट राखणार, मजुरीही बुडवून कामावर उभी राहणार? पहिला टप्पा स्वतःच्या खिशातून पूर्ण करून मग पैसे, असं असेल तर तिचा पायाच होत नाही.

---

खानापुरी कौल

ताई, मान्य. म्हणूनच पहिला हप्ता काम सुरू व्हायच्या आधी द्यायला हवा, आणि विधवा, वृद्ध, अपंग यांच्या घरांसाठी चार-पाच घरांचा गट करून एकच गवंडी ठरवायचा, सामान एकत्र आणायचं, संस्थेनं देखरेख करायची. पण त्यासाठी सगळ्यांची घरं कंत्राटदाराला देऊ नयेत. कंत्राटदार गेल्यावर गळकं छत कुणाचं, हा प्रश्न शिल्लक राहतो.

---

बेडकिहाळकर

तिसरा प्रश्न राहिला, आणि सगळ्यात चिघळणारा तोच.

नेपाळमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्या माओवादी लढवय्याला हुद्द्याप्रमाणं ५ ते ८ लाख नेपाळी रुपये मिळाले, दोन हप्त्यांत. युद्धात मारल्या गेलेल्याच्या कुटुंबाला आधी १ लाख, पुढं वाढवत एकूण १० लाख. आकड्यात तोल आलेला दिसतो, पण तो यायला बरीच वर्षं गेली. शिवाय छळ झालेले आणि लैंगिक अत्याचार झालेल्या बाया त्या अंतरिम मदतीच्या यादीत नव्हत्याच. कारण मृत्यूला दाखला असतो, याला नसतो.

सिएरा लिओनमध्ये ७२,००० च्या वर लढवय्यांनी शस्त्रं ठेवली, त्यांचा कार्यक्रम २००४ पर्यंत उरकला. पीडितांच्या भरपाईची सुरुवात त्यानंतर, संयुक्त राष्ट्रांच्या शांतता-उभारणी निधीतून आलेल्या सुमारे ३० लाख डॉलरवर झाली. बहुतेकांना हातात साधारण १०० डॉलर. का? हातात बंदूक असलेला माणूस उद्या त्रास देऊ शकतो, पीडित देऊ शकत नाही. मदतीचा क्रम भीतीनं ठरतो. हे कुणी लिहून ठेवत नाही, पण वेळापत्रक बघितलं की दिसतं.

इंडोनेशियातल्या आचेमध्ये ऑगस्ट २००५ चा करार झाला. बंडखोरांच्या बाजूनं करारात ३,००० लढवय्ये आणि ८४० शस्त्रं लिहिली. खरे लढवय्ये त्याच्या चौपटीहून जास्त होते. पैसे आले ३,००० जणांचे, वाटणी कमांडरनं केली, आणि सगळ्यांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला चहापाणी उरलं. पीडितांसाठी आधी 'अर्ज करा' म्हटलं, तर अर्जांचा असा पूर आला की कार्यालय तुंबलं. मग जागतिक बँकेची गाव-विकासाची यंत्रणा तिथं होतीच, तिच्यातून सतराशेहून अधिक गावांना रक्कम दिली आणि कुणाला किती ते गावसभेवर सोडलं. गावांनी बहुतेक रक्कम घरोघर वाटून टाकली. रस्ता-समाजमंदिर होईल अशी अपेक्षा धरून बसलेले हिरमुसले असतील, पण भांडणं फार झाली नाहीत, कारण वाटप सगळ्यांसमोर झालं.

---

दूधगंगाकाठ

म्हणजे पैशापेक्षा यादीच महत्त्वाची दिसते. इथं सरकारच्या 'आश्रय' घरकुल योजनेच्या यादीवरून ग्रामसभेत खुर्च्या उडतात, तिथं तर बंदुका आहेत.

चौथ्याचं पैशाच्या बाजूनं कुणी सांगेल का? मंडळातले दोघं-तिघं 'आपण निधी जमवून पाठवू' म्हणतायत.

---

ताळेबंद

पाठवू नका. निदान ट्रस्टच्या खात्यातून तरी नको. कारणं:

धर्मादाय ट्रस्टनं भारताबाहेर खर्च केला तर तो करमाफीत धरला जात नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ११(१)(सी) मध्ये वाट होती, पण त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागायची. आज पाठवायचंच असेल तर चालू कायद्यातली तरतूद आपल्या सीएकडून लेखी घ्या. व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली परदेशी देणगी पाठवता येते, पण ती योजना फक्त व्यक्तींसाठी; ट्रस्ट, सोसायटी, मंडळ यांच्यासाठी नाही. आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत (जुन्या कायद्यातलं ८०जी) विसरा.

उलट दिशेनं, म्हणजे इकडच्या संस्थेला बाहेरून पैसे घ्यायचे असतील तर एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही. संयुक्त राष्ट्रं, तिच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि नाणेनिधी यांना मात्र त्या कायद्यात 'परदेशी स्रोत' धरलेलं नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

जाहीर झालेला पैसा पोचेपर्यंत किती उरतो त्याचं गणित मंडळात फळ्यावर मांडा. संयुक्त राष्ट्रांच्या सामायिक निधीत १०० रुपये आले. निधी सांभाळणाऱ्या कार्यालयाचा १ टक्का, उरले ९९. काम घेणाऱ्या संस्थेचा अप्रत्यक्ष खर्च थेट खर्चावर ७ टक्के, म्हणजे कामाला सुमारे ९२.५० (९९ भागिले १.०७). तिनं खाली दुसरी संस्था नेमली आणि तिनंही ७ टक्के लावले तर ८६.५०. इथवर गैर काहीच नाही, सगळं नियमात. गाड्या, पगार, भाडं हे सगळं पुढं या ८६.५० मधूनच. म्हणून तीन-चार थरांचे प्रकल्प गावात पोचतात तेव्हा शिलाई मशीन आणि फलक एवढंच दिसतं.

माणसांसाठी खरी वाट परराष्ट्र मंत्रालयाच्या मदतीतून आहे. बचत गटांचंच उदाहरण: अहमदाबादची 'सेवा' संस्था भारत सरकारच्या निधीवर काबूलमध्ये आणि पूर्व श्रीलंकेत युद्धविधवांच्या प्रशिक्षणाला गेली. शिवण आणि अन्नप्रक्रिया शिकवणं सोपं; गटाची वही, विक्री आणि पहिल्या सहा महिन्यांचं खेळतं भांडवल ही अवघड बाजू, आणि इकडच्या बायकांना नेमकं तेच येतं. महिला पोलिसांचंही लक्षात ठेवा: लायबेरियातलं पहिलं संपूर्ण महिला पोलीस पथक भारताचं होतं, २००७ ते २०१६.

आणि एक सूचना, माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप गटांत टाकाच. संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही भरतीला फी नसते. अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशालाही. 'शांतीसेनेत लावतो, डिपॉझिट भरा' म्हणणारा एजंट म्हणजे फसवणूक.

---

दूधगंगाकाठ

निधीचा विषय बंद. मंडळात दीड तास आहे. नुसतं भाषण नको, काही करून बघता येईल का?

---

खानापुरी कौल

यादी करून बघा. ४० घरांचं काल्पनिक गाव, पैसे २५ घरांचे. प्रत्येक घराची एक चिठ्ठी: माणसं किती, घर किती पडलंय, कर्ता कोण, जमिनीचा उतारा कुणाच्या नावे, मुलगा कुठल्या बाजूनं लढला. पाच-पाच जणांचे गट करा, गुण ठरवायला २० मिनिटं. मग प्रत्येक गटानं यादी मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी हरकत घ्यायची. खऱ्या प्रकल्पात यादी भिंतीवर लावून हरकतींना आठवडा-दोन आठवडे देतात, आणि ती ऐकणारा माणूस यादी करणाऱ्यांतला नसतो. तुम्हीही हरकती ऐकायला वेगळे तिघं नेमा.

चिठ्ठ्यांत तीन घरं मुद्दाम घाला: कागद नसलेलं, दोन सख्ख्या भावांपैकी एक त्या बाजूचा आणि एक या बाजूचा असलेलं, आणि उताऱ्यावर अजून सासऱ्याचं नाव असलेल्या विधवेचं. पहिल्या दोनांवर गट पटकन एकमत करतील. तिसऱ्यावर दीर हरकत घेईल, त्याची भूमिका कुणाला तरी आधीच देऊन ठेवा आणि निदान अर्धा तास राखून ठेवा.